पतीची भूतानला बदली : मुलाला घेऊन ‘हा’ खोऱ्यात बिऱ्हाड मांडावे की पुण्यातच राहावे?

पावसाळी_वाट यांचा प्रश्न

नमस्कार. माझे पती भारतीय सैन्यात अधिकारी आहेत. त्यांची बदली भूतानमधील भारतीय सैनिकी प्रशिक्षण पथकात, म्हणजे फौजेत ज्याला सगळे ‘इम्ट्रॅट’ म्हणतात तिथे झाली असून त्यांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पश्चिम भूतानमधील ‘हा’ येथे हजर व्हायचे आहे. (‘हा’ हेच त्या गावाचे, खोऱ्याचे आणि जिल्ह्याचे नाव असल्यामुळे ते सगळीकडे अवतरणचिन्हांत लिहीत आहे.) १९६२ पासून हे पथक तिथे आहे आणि भूतानच्या शाही सैन्याला प्रशिक्षण देण्याचे काम करते, एवढे मला ठाऊक आहे. मात्र तिथे संसार कसा चालतो, हे सांगणारे कोणी जवळपास नाही.

आमच्या लग्नाला बारा वर्षे झाली आणि एवढ्या काळात आम्ही सात घरे बदलली. काळ्या ट्रंका भरणे, त्यांवर पांढऱ्या रंगाने नाव आणि युनिट लिहून घेणे, नव्या क्वार्टरमध्ये पडद्यांची लांबी कमी पडते म्हणून खाली पट्टी जोडणे, या सगळ्याची मला सवय आहे. पण आजवरची प्रत्येक बदली देशातल्या देशात होती. कुठेही गेले तरी बँक तीच, फोन तोच, मुलाच्या शाळेचा अभ्यासक्रमही तोच, आणि अडचण आलीच तर रात्रीची गाडी पकडून पुण्याला येता येत असे. या वेळी सीमा ओलांडायची आहे.

मुलगा चौथीत आहे, सीबीएसईच्या शाळेत. माझी एका कंपनीत लेखा विभागात अकरा वर्षांची नोकरी आहे आणि सध्या आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते. पतींचे म्हणणे असे की, मागची अडीच वर्षे ते फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी होते आणि मी व मुलगा पुण्यात, अशा मागे राहिलेल्या कुटुंबांसाठीच्या क्वार्टरमध्ये राहिलो, तेव्हा आता कुटुंबासह राहण्याची संधी मिळत असताना ती सोडू नये. मला ते मनापासून पटते. तरीही मुलाचे वर्ष वाया जाणार नाही ना, नोकरीचे काय करायचे, आणि थंडीत अनोळखी देशात, पती दौऱ्यावर असताना घर एकटीने कसे सांभाळायचे, हे तीन प्रश्न मला रात्री झोपू देत नाहीत. सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांना अधूनमधून आमच्याकडे येता येईल का, हेही कळले तर बरे होईल. शिवाय आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि तो मला खंडित होऊ द्यायचा नाही.

जे तिथे राहून आले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानजाई यांचे उत्तर

ताई, आम्ही ‘हा’ येथे अडीच वर्षे राहून गेल्या वर्षी परतलो. माझे मत सुरुवातीलाच सांगते : जा. फक्त पतींबरोबर ऑक्टोबरमध्ये जायचे की काही महिन्यांनी, याचा विचार नीट करा, कारण तिथले पहिले घर हिवाळ्याच्या तोंडावर लावणे आणि वसंतात लावणे यांत फार फरक आहे.

‘हा’ सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटरांनी उंच. याचा पहिला परिणाम स्वयंपाकघरात जाणवतो. तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाणा तसाच राहतो आणि भात बाहेरून मऊ, आत कच्चा लागतो. चांगले घट्ट बसणारे दोन कुकर न्या, जास्तीच्या रबरी रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्हही न्या, आणि पुण्यात तीन शिट्ट्यांत होणाऱ्या तुरीच्या डाळीला तिथे सहा-सात शिट्ट्या लागतील असे गृहीत धरा. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ आदल्या रात्रीच भिजत घालावी लागते. विरजणाचे तर मी पहिले दोन महिने रोज अपयश पाहिले. दूध सकाळी जसेच्या तसे असायचे. शेवटी विरजण लावलेले भांडे जुन्या शालीत गुंडाळून बुखारीपासून, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवायला लागले, तेव्हा कवडी दही लागू लागले.

त्या घराचा जीव बुखारीत असतो. लोखंडी शेगडी, तिला छतातून बाहेर जाणारी पत्र्याची नळी, आणि आत चिरलेले लाकूड. खोऱ्यात निळ्या पाइनचे लाकूड सर्रास मिळते, पण त्यात राळ फार असते आणि ओले लाकूड जाळले तर नळीच्या आतून काजळीचा जाड थर धरतो. मला हे छावणीत कोणी सांगितले नव्हते. गेटबाहेर भाजीचे छोटे दुकान चालवणाऱ्या एका आजींनी आमच्या छतावरून येणारा पिवळट धूर रस्त्यावरून पाहिला, घरी आल्या, नळीवर लाकडाच्या दांड्याने टकटक केली आणि आतून परातभर काजळी काढून दाखवली. त्यांना हिंदी मोडकेतोडके येत होते, मला तिथली झोंखा भाषा अजिबात येत नव्हती. दर पंधरा दिवसांनी नळी साफ करायची, लाकूड पावसाळा संपताच विकत घेऊन आडोशाला रचून ठेवायचे आणि रात्री खिडकीची एक फट उघडी ठेवायची, या तीन गोष्टी त्यांनी मला हातवारे करून शिकवल्या. तिसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. बंद खोलीत नळी तुंबली तर विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो, म्हणून कितीही थंडी असली तरी ती फट बंद करू नका आणि कोळशाची सिगडी खोलीत घेऊन झोपण्याचा विचारही करू नका. डिसेंबर-जानेवारीत नळातले पाणी रात्री गोठते, तेव्हा संध्याकाळीच बादल्या भरून ठेवाव्यात आणि एक नळ थेंब थेंब वाहता ठेवावा.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. छावणीच्या आत सगळे आपलेच असते. मेस, कॅन्टीन, लेडीज मीट, दिवाळीचा फराळ, करवा चौथ, लोहडी, सगळे. पहिल्या वर्षी मी गेटच्या आतच राहिले आणि त्या वर्षाच्या अखेरीस मला भूतान हा डोंगरांचा एक देखावा आहे, यापलीकडे काही माहीत नव्हते. त्या आजींची ओळख झाली आणि सगळे बदलले. ‘कुझुझांगपो ला’ हा नमस्कार आणि ‘कादिन्छे ला’ हे आभार, एवढे शब्द पहिल्या दिवसापासून वापरा. शेवटचा ‘ला’ आदरार्थी आहे, तो गाळला तर बोलणे तुटक वाटते. कोणाच्या घरी गेलात तर ‘दोमा’ पुढे येईल. ते आपल्या पानसुपारीसारखेच दिसते, पान, चुना आणि सुपारी, पण सुपारी ओली असते आणि सवय नसलेल्याला चेहरा तापून गरगरल्यासारखे होते. थोडासा तुकडा घेऊन मान ठेवावा. हिवाळ्याच्या सुरुवातीला ‘हा’ खोऱ्यात लोंबा नावाचा नववर्षाचा सण असतो आणि त्यासाठी घरोघरी ‘होंते’ करतात. कुट्टूच्या पिठाची पारी, आत सलगमाची वाळवलेली पाने आणि चीज, आणि आकार थेट आपल्या करंजीचा. मी त्या आजींच्या स्वयंपाकघरात बसून होंत्यांच्या कडा करंजीसारख्या मुरडल्या तेव्हा त्यांच्या सुनांनी माझ्याकडून ती मुरड शिकून घेतली. परदेशात आपण राहतो आहोत असे मला त्या दुपारनंतर वाटले नाही.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात लिहिते. रुपया आणि तिथले चलन ङुलत्रुम यांचे मूल्य समान आहे आणि शंभराच्या नोटा सहज चालतात. यूपीआय २०२१ पासून तिथे स्वीकारले जाते, पण प्रत्येक दुकानात ते असेलच असे नाही. तिथले सिमकार्ड घ्यावेच लागेल. मात्र बँकेचे ओटीपी तुमच्या भारतीय क्रमांकावरच येणार, म्हणून निघण्यापूर्वी पुण्यातच त्या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. हे न केल्यामुळे माझा विम्याचा हप्ता चुकला होता. तिथले घड्याळ अर्धा तास पुढे असते. भूतानी पंचांगाच्या पहिल्या आणि चौथ्या महिन्यात मांसविक्री बंद असते, तेव्हा मांसाहारी घरांनी आधी सोय करावी.

सासूबाईंबद्दल. भारतीय नागरिकाला भूतानमध्ये जाण्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, आधार कार्ड चालत नाही. त्या पर्यटक म्हणून आल्या तर माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. महिनाभर राहायचे म्हटले तर ही रक्कम मोठी होते, म्हणून पाहुण्यांच्या परवानगीची पद्धत पतींच्या कार्यालयातून आधी लेखी विचारून घ्या. त्यांना एकदम ‘हा’ येथे आणू नका. पारोला किंवा थिंफूला दोन दिवस थांबून मग वर न्या. पारोहून चेले ला खिंडीतून येणारा रस्ता जवळचा आहे, पण खिंडीतल्या पाटीवर ३,९८८ मीटर अशी उंची लिहिलेली आहे आणि हिवाळ्यात तिथे बर्फ असते. वयस्कर माणसाला चुझोमकडून, नदीच्या काठाने येणारा लांबचा रस्ताच बरा.

नदीकाठ यांचे उत्तर

मी थिंफूत होते, त्यामुळे बुखारीबद्दल रानजाई यांनी जे लिहिले आहे त्यात भर घालू शकत नाही. मुलाच्या शाळेबद्दल मात्र अनुभवाने लिहिते.

भूतानमधील शाळांचे वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते आणि मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. माध्यम इंग्रजी आहे, पण झोंखा हा विषय सर्वांना असतो. ऑक्टोबरमध्ये मुलाला नेले तर तो अशा वेळी वर्गात बसेल की, दोन महिन्यांत वार्षिक परीक्षा आणि झोंखाची एक ओळही वाचता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की पतींनी ऑक्टोबरमध्ये जावे, तुम्ही आणि मुलाने पुण्यात पहिले सत्र पूर्ण करावे, आणि जानेवारीच्या अखेरीस जाऊन फेब्रुवारीत त्याला थेट पाचवीत घालावे. चौथीचा शेवटचा महिना-दीड महिना बुडेल, तेवढा अभ्यास घरी करून घेता येतो. आमच्या मुलीच्या वेळी तिथल्या खासगी शाळेने सहामाहीची गुणपत्रिका आणि शाळेचे पत्र पाहून प्रवेश दिला होता. तुमच्या शाळेकडून असे पत्र आत्ताच मागून ठेवा. परतताना हाच हिशेब तुमच्या बाजूने येतो. वर्ष डिसेंबरात संपते, भारतातले एप्रिलमध्ये सुरू होते, आणि मधले तीन महिने मागे पडलेले हिंदी आणि मराठी भरून काढायला मिळतात. मराठीचे तुम्हालाच पाहावे लागेल. माझी मुलगी तीन वर्षांत झोंखा लिपी सफाईने लिहू लागली आणि जोडाक्षरे विसरली, तेव्हा मी रोज जेवणानंतर तिच्याकडून आजीला चार ओळींचे पत्र लिहून घ्यायला लागले.

मुलासाठी पासपोर्ट काढून ठेवा. जन्मदाखल्यावरही काम होते, पण तो इंग्रजीत असावा लागतो, आणि ग्रामपंचायतीचे जुने दाखले केवळ मराठीत असल्याने ऐन सीमेवर अडचण होते.

नोकरीबद्दल स्पष्ट लिहिते, कारण मी ती चूक केली. तिथे स्थानिक नोकरी करायची तर परदेशी व्यक्तीला कामाचा परवाना लागतो, तेव्हा ‘गेल्यावर काहीतरी मिळेल’ या भरवशावर राजीनामा देऊ नका. मी दिला होता, आणि परतल्यावर तीन पायऱ्या खालून पुन्हा सुरुवात केली. घरून काम करायचे असेल तर दोन लेखी परवानग्या घ्या : एक कंपनीची, दुसऱ्या देशातून काम करण्याबद्दल आणि त्यावरील कराबद्दल, आणि दुसरी पतींच्या मुख्यालयाची, कारण सैनिकी वसाहतीतून कंपनीचा संगणक वापरायचा आहे. दोन्ही मिळाल्या नाहीत तर बिनपगारी रजा मागा. अकरा वर्षे काम केलेल्या माणसाने ती मागण्यात काहीही गैर नाही.

आणखी एक गोष्ट, जी लिहायला मला जड जाते. मार्च २०२० मध्ये भूतानने सीमा बंद केली. त्याच काळात माझे वडील नगरला आजारी पडले आणि मला पोहोचता आले नाही. परत येणाऱ्याला तिथे २१ दिवस विलगीकरणात राहावे लागत होते आणि मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तसा काळ पुन्हा येईल असे मी म्हणत नाही. पण ‘हा’ येथून पुण्याला पोहोचायला एरवीही दोन दिवस धरावे लागतात आणि पावसाळ्यात सीमेवरच्या फुंतशोलिंग शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दरडी कोसळल्या तर तीन. सासूबाईंच्या बाबतीत पहिल्या दोन दिवसांत धावून कोण जाणार, रुग्णालयाची रक्कम कोणाच्या खात्यातून भरली जाणार, औषधांची यादी कोणाकडे असेल, हे निघण्याआधी घरच्यांना एकत्र बसवून नावानिशी ठरवा.

साताऱ्याची_लेक यांचे उत्तर

वहिनी, माझे मालक सुभेदार होते आणि आम्हीही ‘हा’ येथे दोन वर्षे होतो. आम्हाला क्वार्टर मिळायला चार महिने लागले, त्यामुळे मी नंतर गेले आणि ते बरेच झाले, कारण तोवर ह्यांनी लाकूड भरून ठेवले होते.

तुमच्या गणपतीबद्दल लिहायचे म्हणून हे उत्तर. मी सासरहून निघताना पितळेची लहान मूर्ती आणि दोन किलो शाडूची माती बरोबर नेली होती. मातीचा बोटभर उंचीचा गणपती घरीच घडवायचा, पितळेच्या मूर्तीशेजारी बसवायचा आणि दीड दिवसाने घंगाळात विसर्जन करून ते पाणी कुंड्यांना घालायचे. नदीत काही सोडू नका. तिथले लोक खोऱ्यातल्या त्या तीन डोंगरांना, मेरी पुएनसुमला, राखणदार मानतात आणि नदीही तितकीच जपतात. दुर्वा तिथे आमच्या अंगणात उगवल्या नाहीत, म्हणून मी कुंडीत मुळे लावून नेल्या होत्या, पण त्या पहिल्याच हिवाळ्यात गेल्या. जास्वंदीचे नाव काढू नका. तिथली रानफुले वाहिली तरी देवाला चालतात, असे आमच्या मंदिरातल्या पंडितजींनी सांगितले.

मोदकाला तांदळाची पिठी न्या. उकड काढताना पाणी खळखळून उकळल्यासारखे दिसते, पण ते पुरेसे तापलेले नसते, म्हणून झाकण ठेवून उकड जास्त वेळ वाफवा, नाहीतर मोदक फुटतात.

आणि पती दौऱ्यावर गेल्यावर एकटीने कसे, असे तुम्ही विचारले आहे. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईशी पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा की, सकाळी सात वाजेपर्यंत माझ्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर दार वाजवा. आम्ही सहा घरांनी हे ठरवले होते. एकदा माझ्याच दारावर थाप पडली. तापाने उठवत नव्हते. दहा मिनिटांत एमआय रूमचा, म्हणजे छावणीतल्या दवाखान्याचा नर्सिंग असिस्टंट घरी आला होता.

पावसाळी_वाट यांचे उत्तर

आपण तिघींनी एवढ्या आपुलकीने आणि इतक्या बारकाईने लिहिलेत, मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री पतींना सगळे वाचून दाखवले. ते ऑक्टोबरमध्ये जातील, लाकूड भरून ठेवतील, आणि मी व मुलगा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघू, असे ठरले आहे. शाळेला आणि कंपनीला आजच पत्रे दिली. सासूबाईंनी स्वतःहून नणंदेला बोलावून घेतले आणि आपल्या औषधांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली.

एकच शंका उरते. जड सामान पती आधीच ट्रकने नेणार आहेत. आम्ही दोघे हासिमाराला रेल्वेने उतरून पुढे मोटारीने येऊ. पहिल्या रात्रीसाठी माझ्याबरोबर काय असावे आणि त्यांच्याबरोबर काय पाठवावे?

रानजाई यांचे उत्तर

चांगले ठरवलेत. मुलाचे गरम कपडे, सगळे मूळ कागद, औषधे आणि जेवणाचा एक डबा तुमच्याबरोबर ठेवा. थर्मल आतले कपडे पुण्यात चांगले मिळत नाहीत असे वाटले तर सीमेवर भारताच्या बाजूला असलेल्या जयगावच्या बाजारात थांबून घ्या, पण बूट मात्र नवे नकोत, महिनाभर वापरून पाय सरावलेलेच घाला.

बाकी, पतींच्या सामानात एक ट्रंक अशी भरा की, घरात पाऊल टाकल्यावर फक्त तीच उघडावी लागेल : एक कुकर, चहाचे पातेले, तांदूळ, मूगडाळ, तूप, मीठ, हळद, काडेपेटी, मेणबत्त्या, दोन रजया, अंथरुणाच्या चादरी आणि समईसह देवाचे तबक. ती भिंतीशी ठेवायला सांगा, वर दुसरे काही रचू देऊ नका. आणि ओळखण्यासाठी तिच्यावर खडूने नव्हे, तर ऑइल पेंटने मोठा ‘१’ लिहा, चारही बाजूंनी. आमचे सामान जयगावला एका ट्रकमधून दुसऱ्यात चढवले गेले तेव्हा पाऊस होता, खडूची अक्षरे पुसली गेली, आणि पहिल्या रात्री आम्ही चौदा ट्रंका उघडल्यावर कुकर सापडला.